पारखीचे चार आणे

आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी गेल्या महिन्यात कुरियरने एक पुडकं आलं आणि त्यावरून दोन दिवस बापलेकांत धुमसत होतं. पुडकं माझ्या नातवाचं, ओंकारचं. त्याला जुनी नाणी जमवायचा नाद आहे. त्याने चांदीचा एक जुना रुपया कुठल्याशा कंपनीकडे तपासायला पाठवला होता, तो पारदर्शक डबीत कायमचा बंद होऊन, वर नंबर आणि शिक्का लागून परत आला. तपासणीचे पैसे रुपयाच्या किमतीपेक्षा जास्त झाले होते. माझा मुलगा मोहन बँकेतून निवृत्त झालेला, त्याला हे सहन होईना. नाणं आपलं, आणि ते खरं आहे हे ऐकायला तिऱ्हाइताला पैसे मोजायचे, हे कुठलं शहाणपण, असं त्याचं म्हणणं. ओंकार म्हणत होता, डबीशिवाय बाजारात कुणी विचारत नाही. शेवटी दोघंही माझ्यापुढे येऊन बसले. आजी, तूच सांग, हे पैसे सार्थकी लागले की पाण्यात गेले? मी म्हटलं, बाबांनो, मला कशाला विचारता? असल्याच पैशांचा भात खाऊन मी मोठी झाले.

ते खरंच होतं. पनवेलच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्यामागे आड आणि शेवग्याचं झाड. पुढच्या खोलीत माझे वडील, अण्णा, बसायचे. आम्ही जातीचे सोनार, आजोबांच्या हातचे दागिने पार उरणपर्यंत लोकांच्या अंगावर असत. पण अण्णांचा हात जड होता. त्यांनी घडवलेली पहिली नथ पाहून आजोबा म्हणे दोन दिवस बोलले नव्हते. देवाने हातात कमी दिलं ते त्यांना कानात आणि डोळ्यांत भरून दिलं. कान तर इतका तिखट की गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या हातून पैसा पडला तर तो तांब्याचा की निकलचा हे ते पेपरातून डोकं न काढता सांगत. म्हणून त्यांनी पारखीचा धंदा धरला. जुनी नाणी घेऊन लोक यायचे, कुणाला विकायची असत, कुणाला घ्यायची असत, कुणाला वाटणीत मिळालेली असत, आणि प्रत्येकाला एकच विचारायचं असे, हे खरं आहे का?

अण्णांचे नियम कडक होते. पारखणाऱ्याने नाणं विकत घ्यायचं नाही आणि विकायचं नाही. पेटीतले आजोबांचे दोन नमुने सोडले तर घरात देवापुढे ठेवायलासुद्धा आमच्याकडे एक जुनं नाणं नव्हतं, आम्ही लक्ष्मीपूजनाला चालू रुपया ठेवायचो. पारखीचे चार आणे, ते आधी द्यायचे. नाणं खरं निघालं तरी चार आणे, खोटं निघालं तरी चार आणे. यावरून भांडणं फार. खोट्या नाण्याचे पैसे द्यायला माणसाच्या किती जिवावर येतं ते मी लहानपणीच पाहिलं. एकदा उरणजवळच्या करंजा गावचा एक माणूस पाच नाणी घेऊन आला, पाचही खोटी निघाली, तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, पाचातलं एक तरी खरं बोला, म्हंजे सव्वा रुपया गेलेला बरा वाटंल." अण्णा हसले, त्याला चहा पाजला आणि पाचही नाण्यांना काळा दोरा बांधला.

हा दोरा म्हणजे आमची खूण. खरं नाणं असेल तर ते मांजरपाटाच्या चौकोनी तुकड्यात घालून आई लाल दोऱ्याने शिवून टाकायची, आणि टोकाच्या गाठीवर अण्णा लाख वितळवून आपला शिक्का उमटवायचे. खोटं असेल तर त्यावर काळा दोरा आडवा-उभा बांधून नाणं तसंच परत द्यायचे, म्हणजे कुणी ते दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. त्या दोऱ्यावर शिक्का नसे, पण तो कुणी तोडत नसे. अण्णांनी बांधलेला दोरा अण्णांनीच कापायचा, असं सगळे मानत. घरात सदा लाखेचा वास भरलेला असायचा. तो माझ्या शाळेच्या पुस्तकांनाही यायचा, आणि शेजारच्या बाकावरची मुलगी नाक मुरडायची. मला तो अजून आवडतो. पोस्टात पार्सलला लाख लावायचे तेव्हा मी उगीच खिडकीपाशी रेंगाळत असे.

नाणं पारखायची रीत अशी. आधी काट्यावर गुंजा टाकून वजन, मग कसोटीच्या दगडावर घास, मग भिंगातून कडा, आणि शेवटी आवाज. शेवटचा आवाजच महत्त्वाचा, कारण लबाड माणसं शहाणी झाली होती. ती खऱ्या चांदीचीच खोटी नाणी ओतायची. वजन बरोबर, कस बरोबर, चांदी खरी आणि नाणं मात्र खोटं. जुनं नाणं हातोड्याच्या घावाने ठोकलेलं असतं, म्हणून ते दगडावर पडलं की आधी 'ठण्ण' होतं आणि मागून एक बारीक शीळ निघून लांबत जाते. ओतलेल्या नाण्याला ठण्ण असतं, शीळ नसते. अण्णांच्या पुढ्यात काळ्या दगडाची एक लादी होती. आवाज ऐकायची वेळ आली की ते लादीवर नखाने दोनदा टकटक करायचे, आणि सगळं घर थांबायचं. आई स्टोव्हची हवा सोडायची, मी आडावर असले तर रहाट धरून उभी राहायची, समोरच्या दुकानातले दाऊदभाईसुद्धा गिऱ्हाइकाला हाताने थांबवायचे. मग तीनदा नाणं पडायचं. तेवढ्या वेळात पोळी जळली तर जळली.

आईने कधी नाणं हातात घेतलं नाही, पण तिला सगळं कळायचं. दुपारी आम्ही मायलेकी स्वयंपाकघराच्या दारात बिरड्याचे वाल सोलत बसायचो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, चिमटीत धरून दाबले की सालातून पांढरी डाळिंबी सुळकन बाहेर येते. बाहेर नाणं पडलं की आई हात न थांबवता पुटपुटायची, "खरं." किंवा नुसती मान हलवायची. थोड्या वेळाने अण्णांचा आवाज यायचा, तोच निकाल घेऊन. तिच्याबरोबर मीही मनातल्या मनात निकाल द्यायला लागले. सोळाव्या वर्षापर्यंत माझा निकाल चुकेनासा झाला होता, आणि मला त्याचा गर्व होता. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. मुलीच्या जातीने कांदेपोहे शिकावेत, नाणी शिकून काय करायचं, असं म्हणणाऱ्या आत्या-मावश्या त्या काळी घरोघरी होत्या, आमच्याकडे तर दोन होत्या.

त्या वर्षी होळीनंतरची गोष्ट. मी दाऊदभाईंच्या दुकानात दोरा आणायला गेले. दाऊदभाई कापड, सुया, दोरे विकायचे, आणि जीभ कायम थट्टेत बुडवलेली. ते म्हणाले, "बेटी शकू, दोन महिन्यांत हे तिसरं काळं रीळ. लाल अजून पहिलंच चालू आहे. अण्णांनी पारख सोडून लोकांची नजर उतरवायचं काम घेतलं की काय?" मी हसले आणि रीळ घेऊन आले. पण ते आईला सांगितलं तेव्हा आई हसली नाही. तिने रीळ हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि फडताळात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वाल सोलताना मला कळलं. बाहेर टकटक झाली, नाणं पडलं. ठण्ण, आणि मागून लांब, स्वच्छ शीळ. आई म्हणाली, "खरं." अण्णांनी ते तीनदा टाकायचं ते पाचदा टाकलं. मग त्यांचा आवाज आला, "चांदी खरी आहे हो, पण नाणं ओतीव." आईचे हात पाण्यातच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. शीळ आम्हाला दोघींना ऐकू आली होती, ती अण्णांना आली नव्हती. ठण्ण त्यांना ऐकू येत होतं, आमचं बोलणं ऐकू येत होतं, रस्त्यावरून जाणारी एसटी ऐकू येत होती. फक्त ती बारीक शीळ त्यांच्या कानातून गेली होती. आणि ज्याला शीळ ऐकू येत नाही, त्याला जगातलं प्रत्येक नाणं ओतीवच वाटणार.

मी म्हटलं, "आई, सांगूया त्यांना." आई म्हणाली, "काय सांगू? तुमचा कान गेला म्हणून? मग उरलं काय त्यांचं?" एवढं बोलून तिने पदराने डोळे टिपले आणि वाल स्टोव्हवर चढवले. त्या दिवशीचं बिरडं खारट झालं होतं आणि अण्णांनी ते मुकाट्याने खाल्लं. आज सांगताना लाज वाटते, पण खरं सांगायला हवं. आम्ही गप्प राहिलो. पावसाळाभर गप्प राहिलो. बाहेर काळे दोरे बांधले जात होते आणि मी आत बसून मोजत होते, हे खरं होतं, हेही खरं होतं. अण्णांवरच्या मायेपोटी गप्प बसलो असं मी तेव्हा मनाला समजावत असे. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती.

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर चांगुणाबाय आली होती. खाडीपलीकडच्या मिठागराच्या गावची आगरी बाई, चाळिशीची, उन्हाने रापलेली, चालणं ताठ. तिच्याजवळ एक कुलाबी रुपया होता, म्हणजे अलिबागेकडे पूर्वी टांकसाळ होती तिथला. त्यावर 'श्री' ठोकलेला. लग्नात आईने तो तिच्या ओटीत घातला होता. मुंबईचे एक निवृत्त वकीलसाहेब नाणी जमवत गावोगाव फिरायचे, त्यांनी तो तिच्या घरी पाहिला आणि म्हणाले, पनवेलच्या अण्णांचा लाल दोरा लावून आण, मी चांगले पैसे देतो. त्या पैशांत तिला घरावर पेंढ्याऐवजी कौलं घालायची होती. अण्णांनी नाणं पाहिलं. त्यावरची अक्षरं गुळगुळीत झाली होती, ओतलेल्या नाण्याची असतात तशी. मग टकटक, मग पाचदा लादीवर. आत मी शीळ ऐकली. बाहेर अण्णांनी काळा दोरा बांधला. चांगुणाबायने रुपया पदराच्या गाठीत बांधला आणि ती निघून गेली. मी दारापर्यंत धावले होते. उंबऱ्याशी येऊन थांबले.

ती परत आली ती दिवाळीच्या दोन दिवस आधी. घरात चकल्या तळण्याचा वास भरला होता, ऑक्टोबरचं ऊन गल्लीत पसरलं होतं. वकीलसाहेबही त्या दिवशी आले होते. ते सकाळच्या लाँचने मोऱ्याच्या बंदरावर उतरून, उरणात कुणाकडे तरी नाणी पाहून, एसटीने पनवेलला येत, आणि दिवाळीआधी अण्णांचा शिक्का असलेली नाणी घेऊन जात. ते खुर्चीवर चहा पीत बसले होते. चांगुणाबाय दारातच बसली, पदराच्या गाठीतून तो रुपया काढला आणि अण्णांपुढे ठेवला.

"अण्णा, एवढा काला दोरा कापून द्या."

अण्णा म्हणाले, "बाई, नाणं खोटं आहे. दोरा काढला तर कुणाची फसगत होईल."

"कोनाला इकायचं नाय मना," ती म्हणाली. "लक्ष्मीचे ताटान ठेवीन. काला दोरा बांधलेलं नाणं ताटान कसं ठेवू? पाच महिने झाले, माजी जाऊ मना बोलते, तुजे मायेरचं नाणं खोटं, तुजी आयस खोटी, तुमी सगली खोटी. माजी आयस मिठागरान डोकीवर मीठ वाहून मेली. तिनं कोनाचा पैसा बुडवला नाय. नाणं खोटं तर खोटं, पन तिचे हातचं हाय. दर दिवालीला मी तेला चिंचेनं घासते, रांगोलीनं घासते, माजे आयशीनं बी घासलं, तिचे आयशीनं बी. यंदा काले दोऱ्यानं हात लावता येत नाय."

आत मी स्टोव्हजवळ उभी होते. चिंच हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन पिढ्या दर दिवाळीला चिंच आणि रांगोळीने घासलेलं नाणं, त्याची अक्षरं गुळगुळीत होणार नाहीत तर काय? अण्णांचा डोळा तिथे फसला होता, आणि डोळ्याला सावरायला कान राहिला नव्हता. वकीलसाहेब कप खाली ठेवून म्हणाले, "अरेरे, बाई, खरं असतं तरी घासून त्याची निम्मी किंमत तुम्ही घालवली असती." तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अण्णांनी कात्री घेतली आणि दोरा कापला. कापताना रुपया त्यांच्या बोटांतून निसटला आणि लादीवर पडला. टकटक झाली नव्हती, कुणी थांबलं नव्हतं, स्टोव्ह चालू होता. तरी त्या सगळ्यातून ती शीळ निघाली आणि लांबत गेली. वकीलसाहेबांनी झटकन मान वर केली. आई कढईवरून वळली. समोर दाऊदभाईंनी कापड मोजता मोजता इकडे पाहिलं. आणि अण्णांनी आमची सगळ्यांची तोंडं पाहिली. त्यांना फक्त ठण्ण ऐकू आलं होतं, पण तोंडं वाचता येत होती. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. सत्तर वर्षं होत आली, अजून डोळ्यांसमोर आहे.

"शके," ते म्हणाले, "इकडे ये. काय ऐकलंस?"

आईने मागून माझा हात धरला होता की सोडला, मला आठवत नाही. मी बाहेर गेले. मी म्हटलं, "अण्णा, नाणं खरं आहे. मागे शीळ आहे. पावसाळ्यातही होती."

"तुला तेव्हा ऐकू आली होती?"

"हो. आईलाही."

अण्णांनी कात्री खाली ठेवली. मग वकीलसाहेबांनी सावरायचा प्रयत्न केला. माणूस वाईट नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, असं एखाद्या वेळी होतं. लाल दोरा बांधा, मी हे आत्ता घेतो, बाईला पैसे मिळतात, बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. तुमच्या शिक्क्यावर माझी दोनशे नाणी आहेत, ते नाव जपायला हवं." अण्णांनी मान हलवली. ते म्हणाले, "साहेब, नाव जपण्यासाठीच लाल दोरा असा नाही बांधता येणार. आज पारख नाण्याची नाही, माझ्या निकालाची आहे. स्वतःच्या निकालाची पारख मी कशी करू? मी आता यात एका बाजूचा आहे." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही करील."

चांगुणाबाय तिथेच बसल्या बसल्या म्हणाली, "पोरगी तर तुमचीच हाय." त्यात राग नव्हता, पण बोलणं रोखठोक होतं. अण्णा म्हणाले, "बरोबर बोललीस. म्हणून ही नाणं बघणार नाही, फक्त ऐकेल. आणि नाणं टाकणारा असा पाहिजे, ज्याला हे घ्यायचंही नाही आणि विकायचंही नाही." त्यांनी दाऊदभाईंना हाक मारली.

दाऊदभाई कापड मोजायचा गज हातात घेऊनच आले. अण्णांनी पेटीतून दोन नाणी काढली. ती त्यांची नव्हती, आजोबांनी नमुन्यासाठी ठेवलेली होती, एक पक्कं खरं, एक पक्कं ओतीव. तिसरा चांगुणाबायचा रुपया. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. अण्णांनी लादीवर नखाने दोनदा टकटक केली. आईने स्टोव्हची हवा सोडली. त्या घरात इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही.

दाऊदभाईंनी त्या दिवशी एकही थट्टा केली नाही. मनाला येईल तसं, उलटसुलट, एकेक नाणं ते टाकत गेले. मी बोलत गेले. ओतीव. खरं. खरं. ओतीव. खरं. मधे एकदा त्यांनी तेच नाणं लागोपाठ दोनदा टाकलं, मी म्हटलं, हे मघाचंच. दहा-बारा वेळा झाल्यावर दाऊदभाई म्हणाले, "बस. अल्लाची शपथ, एकदाही चुकली नाही. बाईंचं नाणं जितक्यांदा टाकलं, तितक्यांदा खरं म्हणाली." मी वळले. अण्णा माझ्याकडे पाहत होते. सोळा वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती, दोन्ही एकदम.

ते चांगुणाबायला म्हणाले, "बाई, मी चुकलो. तुझी आई खरी होती." पावसाळ्यात घेतलेले चार आणे त्यांनी तिच्या हातावर परत ठेवले. मग आईने मांजरपाटाचा तुकडा आणला, पण चांगुणाबाय म्हणाली, कापडान नको शिवू, ताटान दिसाया पायजे. म्हणून अण्णांनी रुपयालाच लाल दोरा बांधला आणि गाठीवर लाख टाकून शिक्का मारला. असा शिक्का त्यांनी आयुष्यात एकदाच मारला. वकीलसाहेबांनी किंमत सांगितली, घासलेल्या नाण्याच्या मानाने बरी होती. तिने नाणं पदरात बांधलं. "कौलं पुढचे वर्सी घालीन," ती म्हणाली. "यंदा जावेला दाखवायचं हाय." आईने तिच्याबरोबर चकल्यांचा डबा दिला.

ती गेल्यावर अण्णांनी कनवटीची पावली काढली, चार आण्यांचं निकलचं नाणं, आणि वकीलसाहेब, दाऊदभाई, आई सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "अण्णा, हे काय?" ते म्हणाले, "पारखीचे. निकाल आपल्या बाजूचा असो नाहीतर उलट, द्यावे लागतात. घे." मी घेतले.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. अण्णांनी बाजाराच्या दिवशी स्वतः फिरून सांगितलं, एसटीच्या कंडक्टरांकरवी उरण-पेणपर्यंत निरोप पाठवले, की संक्रांतीनंतर ज्यांच्या नाण्यांना काळा दोरा बांधला त्यांनी परत यावं, पैसे पडणार नाहीत. लोक आले. बरीच नाणी खरी निघाली, काही खोटी ती खोटीच निघाली, आणि त्यांचे मालक दुसऱ्यांदा चिडले. एका माणसाने मात्र काळा दोरा पाहून आपल्या आजीची नाणी वितळवून टाकली होती. त्याच्यापुढे अण्णा हात जोडून उभे राहिले. तो म्हणाला, आता काय उपयोग, आणि गेला. त्या रात्री ते जेवले नाहीत. वर्षभर धंदा मंदावला, पेठेत काही जण हसले, एक-दोघांनी मला पाहून कानाला हात लावून दाखवले. मग हळूहळू लोक पुन्हा यायला लागले, आणि आता ते विचारायचे, पारखीणबाई आहेत का घरात? अण्णांचा डोळा आणि माझा कान, असं ते दुकान माझं लग्न होईपर्यंत चाललं. शिक्का तोच राहिला. कांदेपोहे मला आजही नीट जमत नाहीत.

मी हे सगळं ओंकारला सांगितलं. मोहनही ऐकत बसला होता, त्यालाही यातलं निम्मं माहीत नव्हतं. ओंकारने ती प्लॅस्टिकची डबी माझ्या हातात दिली. मी ती कानाशी धरून हलवली, आतलं नाणं हललंसुद्धा नाही. बंद डबीतलं नाणं वाजवता येत नाही, हे मला आवडलं नाही, तसं मी सांगितलं. मग म्हटलं, पैसे द्यायला हरकत नाही. फक्त त्या लोकांना एक विचार, तुमचा निकाल चुकला तर तो परत घेता का, आणि चारचौघांत घेता का? हो म्हणाले तर दुप्पट मागितले तरी दे. उठताना मोहनने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, एवढं मी पाहिलं.

संध्याकाळी ओंकार परत माझ्याकडे आला. त्याने माझ्या देव्हाऱ्यातली पावली पाहिली होती, गणपतीच्या पायाशी असते ती. कडा झिजलेल्या, काळसर पडलेली. आमच्या घरात मी चिंच लावू देत नाही. त्याने ती उचलून उजेडात धरली. "आजी, ही पण तपासायला पाठवूया का?"

मी ती त्याच्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली. म्हटलं, "हिची पारख झालेली आहे."